सही केली, म्हणून काय झालं?

"आता सही केलीया ताई, काय करणार?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बसून मी हे वाक्य जितक्यांदा ऐकलंय, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. मी छोट्या कारखान्यांची पीएफ-ईएसआयची, म्हणजे कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीची आणि विम्याची कामं करते. त्याआधी बरीच वर्षं शिरोलीला एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. त्यामुळं ओळखीपाळखीतलं कुणी ना कुणी कागद घेऊन येतंच. फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगवर असलेला पोरगा, राजारामपुरीतल्या दुकानात हिशेब लिहिणारी मुलगी, खासगी दवाखान्यातली सिस्टर. ओव्हरटाइमचे पैसे मिळत नाहीत, रविवारी बोलावतात, सोडून जायचं म्हटलं तर तीन महिन्यांचा पगार भर म्हणतात. सगळं सांगून झालं की कागद पुढं सरकवतात आणि मान खाली घालून हे वाक्य म्हणतात.

ती खाली गेलेली मान मला बघवत नाही. दिलेला शब्द फिरवायचा नाही हे आपल्याकडं लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं, आणि सही म्हणजे तर लेखी शब्द. माणूस प्रामाणिक असतो म्हणूनच स्वतःला बांधून घेतो. त्या प्रामाणिकपणाचा कुणी फायदा उठवत असेल, तर कायदा काय म्हणतो ते मोठ्यानं सांगायलाच हवं. नोकरीच्या कागदावर सही केली म्हणून कायद्यानं दिलेला हक्क जात नाही. सहीनं बांधली जातात ती कायद्यात बसणारी कलमं. बाकीची कलमं कितीही ठळक अक्षरात छापली आणि प्रत्येक पानावर सही घेतली, तरी ती नुसती शाई.

मध्यंतरी एका सीएनसी ऑपरेटरनं, संगणकावर चालणाऱ्या मशीनवर काम करणाऱ्या पोरानं, त्याचं नेमणूकपत्र आणलं होतं. दोनच पानं, बारीक टाइपात, सगळं इंग्रजीत. आयटीआय झालेला चांगला हुशार पोरगा, पण सही करताना त्याला दहा मिनिटंसुद्धा दिली नव्हती. "वाचायचं काय त्यात, सगळ्यांना सारखंच आहे," एवढंच सांगितलेलं. आम्ही दोघांनी एकेक कलम लावून वाचलं. कंपनी वाटेल तेव्हा, कारण न सांगता काढू शकेल. ह्यानं मात्र तीन महिने आधी कळवायचं. कामाचे तास 'गरजेप्रमाणे', आणि पगारात ओव्हरटाइम धरलेला आहे. शिवाय नोकरी सोडल्यावर दोन वर्षं कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यात ह्याच धंद्यातल्या दुसऱ्या कारखान्यात जायचं नाही.

शेवटचं कलम वाचून तो खरा घाबरला होता. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, उद्यमनगर, पलीकडं सांगली-मिरज. ह्याचा अख्खा धंदा ह्या पट्ट्यात. ह्या पट्ट्यात जायचं नाही म्हणजे त्यानं हातातलं कसब टाकून द्यायचं. मी त्याला १८७२ चा करार कायदा काढून दाखवला. दीडशे वर्षांपूर्वीचा, इंग्रजांच्या काळातला कायदा. पण त्याचं कलम २७ आजही उभं आहे. एखाद्याला कायदेशीर धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता रद्द. नोकरीत असताना दुसरीकडं काम करू नकोस, मालकाची ड्रॉइंगं आणि गिऱ्हाइकांच्या याद्या बाहेर नेऊ नकोस, हे सांगायचा मालकाला पूर्ण अधिकार आहे, आणि ते योग्यच आहे. पण नोकरी सोडल्यावर पोट कुठं भरायचं हे तो ठरवू शकत नाही.

ओव्हरटाइमचं तर आणखी सरळ आहे. कारखान्यात आठवड्याला ४८ तास. त्यावर काम केलं तर दुप्पट दर. १९४८ च्या कारखाना कायद्यात हेच होतं, आणि आता आलेल्या नव्या कामगार संहितांमध्येही दुप्पटच आहे. शिवाय आता जादा कामासाठी कामगाराची संमती लागते. 'पगारात धरलेला आहे' असं लिहून दुप्पट दर पुसता येत नाही. कायद्यानं घातलेलं जोतं असतं. त्याच्यावर मालकानं माडी चढवावी, जोतं उकरायचा अधिकार त्याला नाही.

आणि कारण न सांगता काढण्याचं कलम? त्यावर सुप्रीम कोर्टानं १९८६ सालीच निकाल दिलाय. सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट ह्या सरकारी कंपनीनं ब्रोजोनाथ गांगुली नावाच्या अधिकाऱ्याला तीन महिन्यांचा पगार देऊन, कारण न देता काढलं होतं. कोर्टानं ते कलमच रद्द ठरवलं. त्या निकालामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. एका बाजूला बलाढ्य कंपनी आणि दुसऱ्या बाजूला नोकरीची गरज असलेला एकटा माणूस, त्याच्यापुढं छापील फॉर्म ठेवून 'कर सही नाहीतर जा' म्हटलं, तर त्या सहीला बरोबरीच्या दोघांमधला करार म्हणता येत नाही. तो निकाल सरकारी कंपनीपुरता होता, खासगी मालकाला तो जसाच्या तसा लागू होत नाही, हेही सांगायला हवं. खासगी कारखान्यातल्या कामगाराला दुसरं संरक्षण आहे. मागच्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलेल्या कामगाराला कपातीत काढायचं, तर एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार भरपाई द्यावी लागते. शिस्तभंगासाठी काढायचं, तर आरोपपत्र देऊन चौकशी करावी लागते. नेमणूकपत्रात काहीही लिहिलेलं असलं तरी.

तो पोरगा जाताना जिना उड्या मारत उतरला. पण सगळे त्याच्यासारखे कागद घेऊन येत नाहीत. बऱ्याच जणांकडं कागदच नसतो, आणि माझ्या मते आपल्या भागातलं खरं दुखणं तेच आहे. वाईट कागदापेक्षा नसलेला कागद जास्त घात करतो. वाईट कलम कोर्टात पडतं. पण आपण तिथं कामाला होतो हेच सिद्ध करता आलं नाही, तर पडायला-पाडायला काही उरतच नाही.

माझा एक मावसभाऊ फौंड्रीत भट्टीवर होता. बारा वर्षं. एक दिवस पहिल्या पाळीला गेला तर गेटवर पास चालेना. सिक्युरिटीवाल्यानं सांगितलं, तुझा ठेकेदार बदलला, नव्याच्या यादीत तुझं नाव न्हाई. दुपारी माझ्याकडं आला. "आक्का, बारा वर्षं एकाच भट्टीपुढं हुबा ऱ्हायलोय, आणि आता म्हणत्यात तू आमचा न्हाईसच."

मी त्याच्या मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडलं. यूएएन, म्हणजे माणसाचा पीएफचा नंबर, एकच, पण खाली चार मेंबर आयडी. चार आस्थापनांची चार वेगळी नावं, आणि त्यातलं एकही त्या कारखान्याचं नाही. एका ठेकेदाराकडं सोडल्याची तारीख महिन्याच्या शेवटची, दुसऱ्याकडं लागल्याची तारीख पुढच्या महिन्यातली चार-पाच दिवसांनंतरची. ह्यालाच आपल्याकडं 'ब्रेक' म्हणतात. ब्रेकच्या दिवसांतही तो भट्टीवर होता. त्या दिवसांचे पैसे पाकिटातून मिळायचे. कागदावर चार जणांकडं नोकरी करून चारदा सोडून गेलेला हा माणूस एकदाही त्या शेडच्या बाहेर पडला नव्हता.

कायद्याला हा प्रकार नवा नाही. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघ मान्यता व अनुचित कामगार प्रथा कायद्यात, बदली, हंगामी किंवा तात्पुरता म्हणून नेमायचं आणि कायमचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं, हे अनुचित प्रथांच्या यादीत स्पष्ट लिहिलंय. ठेकेदाराच्या बाबतीत २००१ साली सुप्रीम कोर्टानं स्टील अथॉरिटी ह्या सरकारी कंपनीच्या खटल्यात सांगितलं की कंत्राटी कामगार आपोआप कायम होत नाहीत. पण कंत्राट नावापुरतंच, खऱ्या मालकाला लपवण्यापुरतं असेल, तर औद्योगिक वाद चालवणारं न्यायालय तो पडदा बाजूला सारून खरा मालक कोण ते ठरवू शकतं. मग प्रश्न असे येतात: काम कोण सांगत होतं? रजा कोण देत होतं? कामावर देखरेख कुणाची? ठेकेदारानं पगार बुडवला तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे तर आधीपासूनच आहे.

पण हे सगळं दाखवायचं कशानं? २४० दिवस भरले हे आधी कामगारानं सांगायचं असतं. २००५ साली येल्लट्टी ह्यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं त्यात थोडी वाट मोकळी केली. रोजंदारीवरच्या माणसाला नेमणूकपत्र नसतं, पगाराची पावती नसते, हे कोर्टानं मान्य केलं. कामगारानं साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगावं आणि मस्टर, पगारपत्रक हजर करायला मालकाला भाग पाडावं, असं म्हटलं. तरी नुसतं शपथेवर सांगून भागत नाही, काहीतरी आधार लागतो.

म्हणून आम्ही दोघं आधार शोधायला बसलो. त्याच्या बायकोनं लोखंडी कपाटातली पिशवी आणली. सेफ्टी शूज घेतल्याची स्लिप निघाली, त्यावर कारखान्याच्या स्टोअरचा शिक्का. आग विझवण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र निघालं, त्यावर कारखान्याच्या मॅनेजरची सही. आणि मग मोबाइलमध्ये सगळ्यात मोठा आधार सापडला. सुपरवायझरनं पाळीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप केला होता, आणि प्रत्येक हीट, म्हणजे भट्टीतली एक वितळ, झाली की हीट रजिस्टरच्या पानाचा फोटो त्यावर टाकायचा असा नियम होता. हीट नंबर, चार्ज किती घातला, मेटल किती तापमानाला ओतलं, आणि शेवटच्या रकान्यात भट्टीवरच्या माणसाची सही. जाडसर बॉलपेनची, जरा डावीकडं कललेली, माझ्या भावाची सही. पान कारखान्याचं, रजिस्टर कारखान्याचं. ब्रेकच्या तारखांचीसुद्धा पानं त्यात होती.

तेव्हापासून माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी विचारते, तुझ्याकडं काय काय आहे? पगार स्लिप असेल तर उत्तमच. नसेल तर बँकेचं पासबुक, पगार जमा झाल्याच्या नोंदी दिसतात. ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेव. ईएसआयचं कार्ड, पीएफचं पासबुक दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघ. पगारातून १२ टक्के कापलेले दिसतात पण खात्यात जमा नाहीत, असं झालं तर ते त्याच महिन्यात कळायला हवं, दहा वर्षांनी नाही. आणि कोऱ्या कागदावर सही मागितली, तर देऊ नकोस. द्यावीच लागली, तर त्याच दिवशी काय झालं ते तारखेसह लिहून स्पीड पोस्टानं मालकाला पाठव आणि पावती जपून ठेव. राजीनामा जबरदस्तीनं लिहून घेतला असेल तर तो राजीनामा धरला जात नाही. पण 'जबरदस्ती झाली' हे तू सहा महिन्यांनी पहिल्यांदा सांगितलंस तर कोण ऐकणार?

एका बाबतीत मी सावध आहे. मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरीन असं लिहून घेतात, तो बाँड. सगळेच बाँड बेकायदा असतात, असं हल्ली पोरांमध्ये पसरलंय. ते खरं नाही. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं विजया बँकेच्या प्रकरणात, ठरावीक मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये द्यायचं कलम वैध ठरवलं. मालकानं निवडीवर, प्रशिक्षणावर खरा खर्च केला असेल, मुदत आणि रक्कम वाजवी असेल, तर कोर्ट त्याची बाजू घेईल. बारा हजारांच्या नोकरीला, काही न शिकवता, लाखाचा बाँड ही गोष्ट वेगळी. नुकसानभरपाई झाली तरी ती वाजवीच द्यायची असते. म्हणून बाँड दिसला की मी आधी विचारते, तुला शिकवलं काय?

आता कायद्यांचं सगळं घरच नवीन झालंय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुने कायदे त्यांत सामावले. कामगार संघटनांचे त्यांतल्या बऱ्याच तरतुदींवर आक्षेप आहेत, आणि काढण्याची मोकळीक मालकांना जास्त मिळाली हा आक्षेप मलाही रास्त वाटतो. पण त्यांतल्या काही गोष्टी अशा आहेत की त्या प्रत्येक शेडमध्ये पोचायला हव्यात. नेमणूकपत्र देणं ही आता मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, आधीपासून कामावर असलेल्यांच्या बाबतीतही. मुदतीच्या करारावर घेतलेल्याला कायम कामगाराइतकाच पगार आणि सवलती द्यायच्या, आणि त्याला ग्रॅच्युइटीसाठी, म्हणजे नोकरी संपताना मिळणाऱ्या रकमेसाठी, पाच वर्षं थांबायला लागत नाही, एक वर्ष भरलं की पुरतं. काम सुटलं, मग काढलेलं असो की स्वतः सोडलेलं, पगाराचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत करायचा. 'फुल अँड फायनल पुढच्या महिन्यात बघू' हे चालणार नाही. कामावरून काढल्याविरुद्ध दाद मागण्याची मुदत मात्र तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, हे विसरू नये.

पगाराच्या फोडीचा नियम तर आकड्यांनीच कळतो. समजा एका अकाउंटंटचा महिना ४० हजार, पण मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून फक्त १४ हजार, बाकी घरभाडं, प्रवास, अमुक भत्ता, तमुक भत्ता. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगाराला २६ नं भागून, १५ नं गुणून, वर्षांनी गुणायची. बारा वर्षांचे १४ हजारांवर होतात ९६,९२३ रुपये. नवा नियम म्हणतो, वगळायचे भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरचा भाग पगारातच धरा. म्हणजे हिशेब किमान २० हजारांवर: १,३८,४६२ रुपये. एक्केचाळीस हजारांचा फरक, तोही फक्त पगाराची फोड कशी केली त्यावरून. त्या अकाउंटंटच्या घरी मुलीचं कॉलेज असेल.

हे हक्क आभाळातून पडलेले नाहीत. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. त्यांच्या आधी गिरणीत आठवड्याची सुट्टी नव्हती. आणि इथून जवळच, हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात, मार्च १९२० मध्ये राजर्षी शाहूंनी ज्या तरुणाला तुमचा पुढारी म्हणून लोकांपुढं उभं केलं, ते डॉ. आंबेडकर पुढं १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळत होते. कोल्हापूरच्या माणसानं आपल्या कामाचे तास सांगताना मान खाली घालावी, हे म्हणूनच मला जास्त लागतं.

मालकांबद्दलही एक सांगते. मी त्यांचीच रिटर्नं भरते. उद्यमनगरात असे कितीतरी आहेत जे स्वतः लेथवर उभे राहून मोठे झाले, जे दिवाळीला कामगाराच्या घरी जातात, आणि पीएफ एक दिवस उशिरा भरला तर ज्यांना झोप लागत नाही. मोठ्या कंपन्या बिलं चार-चार महिने अडकवतात आणि ओझं ह्यांच्यावर येतं. पण ह्यातले जे शहाणे आहेत तेच मला म्हणतात, ताई, नेमणूकपत्र मराठीत करून द्या, पोराला कळू दे. गेल्या वर्षी मी अशी काही पत्रं मराठीत तयार केली. दोन्हीकडच्या सह्या, दोघांकडं एकेक प्रत. त्या कारखान्यांतून माझ्याकडं तक्रार घेऊन अजून कुणी आलेलं नाही.

जायचं कुठं, हा प्रश्न शेवटी येतोच. आधी सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथं समेटाचा प्रयत्न होतो. नाही जमलं तर कामगार न्यायालय, औद्योगिक न्यायालय, दोन्ही कोल्हापुरात आहेत. वकिलाच्या फीचं भ्या बऱ्याच जणांना घरी बसवतं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळायचा हक्क आहे, बाईमाणसालाही आहे, आणि दोघांनाही उत्पन्नाची अट नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, किंवा १५१०० वर फोन करायचा. आणि खालच्या निकालावर मालक हायकोर्टात गेला की आधी कामगाराचे हातपाय गळायचे, कारण हायकोर्ट म्हणजे मुंबई. रात्रीची गाडी, राहायचं कुठं, दोन दिवसांचा खाडा. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग ह्या सहा जिल्ह्यांसाठी. वकिलांनी चाळीस वर्षं त्यासाठी लढा दिला. कागलच्या कामगाराला आता सकाळची पाळी बदलून घेऊन तारखेला जाता येतं.

माझ्या भावाचं प्रकरण सध्या समेटाला आहे. हीट रजिस्टरच्या फोटोंचे प्रिंट आम्ही तारखेवार लावून दिलेत. पहिल्या बैठकीला कारखान्याचा माणूस म्हणाला, हे आमचे कामगारच नाहीत, ठेकेदाराला विचारा. समेट अधिकाऱ्यांनी पानं चाळली आणि रजिस्टरची मूळ प्रत घेऊन या म्हणून सांगितलं. ते अजून आलेलं नाही. साक्षीला भट्टीवरचे तीन जोडीदार लागतील. दोघं तयार आहेत. तिसऱ्याचा मुलगा गेल्याच महिन्यात त्याच नव्या ठेकेदाराकडं लागलाय, तो दारापर्यंत आला, चहा घेतला आणि म्हणाला, "वहिनी, माझं जरा ऱ्हाऊ दे." भावाच्या बायकोनं त्याला पुन्हा विचारायचं नाही असं ठरवलंय, आणि मला ते पटतंय. त्या मुलाला मात्र मी निरोप पाठवलाय की त्यानं त्याचं नेमणूकपत्र मागून घ्यावं.